खुब्याचे फेररोपण आणि शरीराचे वजन

पिंपरीच्या माळावर १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शिवारांत कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. एके काळी कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे चाकणही पुढे वाहन उद्योगाचे मोठे केंद्र बनले. या पट्ट्यात कारखान्यात उभे राहून आयुष्य काढलेल्या कामगारांची पहिली पिढी केव्हाच निवृत्त झाली. आज यंत्रांवर तिची मुले आणि नातवंडे काम करीत आहेत.

खुब्यात कृत्रिम सांधा बसविलेली माणसे आता या वस्तीत नवलाची राहिलेली नाहीत. मात्र त्यांपैकी काहींवर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते. पहिला कृत्रिम सांधा सैल होतो, निखळतो, त्यात जंतुसंसर्ग होतो किंवा त्याच्याभोवतीचे हाड मोडते. तो काढून नवा बसविणे म्हणजे फेररोपण. अशा वेळी अनेक रुग्णांना "आधी वजन कमी करा" असा सल्ला मिळतो. रुग्ण तो निमूटपणे ऐकतो, परंतु त्यामागील कारण त्याला बहुधा ठाऊक नसते. त्यामुळे कोणी सल्ला मनावर घेत नाही, तर कोणी उपासमार करून घेतो. हे दोन्ही मार्ग अनिष्ट आहेत. वजनाचा धोका नेमका कोठे असतो आणि तो किती कमी करता येतो, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

उखळीच्या सांध्यावरील भार

खुबा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खोबणीत बसतो व सर्व दिशांना फिरतो. माणूस चालताना प्रत्येक पावलागणिक क्षणभर एकाच पायावर उभा असतो. त्या क्षणी शरीर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरील स्नायू जोराने ओढ घेतात. शरीराचा भार आणि स्नायूंची ही ओढ मिळून सांध्यावर पडणारा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट होतो. जिना चढताना तो थोडा अधिक असतो. ठेच लागून तोल सावरताना तो सात-आठ पटींपर्यंतही जाऊ शकतो.

उदाहरणादाखल, ८२ किलो वजनाचा कामगार सपाट जमिनीवर चालत असता त्याच्या खुब्यावर दर पावलाला सुमारे २०५ किलोंचा दाब येतो. त्याचे वजन ४ किलोंनी घटले तर दर पावलाला १० किलोंची सूट मिळते. तो दिवसाकाठी ५,००० पावले चालत असेल तर त्यांपैकी २,५०० पावले एका खुब्यावर पडतात. म्हणजे त्या खुब्यावरचा एका दिवसाचा एकूण भार २५ टनांनी हलका होतो. यंत्राच्या बेअरिंगवर येणाऱ्या भाराचा हिशेब ठेवणाऱ्या कामगाराला हे गणित सहज पटण्याजोगे आहे.

हातातील काठीचाही येथे विचार करावा लागेल. दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात काठी धरल्यास स्नायूंना कमी ओढ घ्यावी लागते व सांध्यावरील दाब बराच उतरतो. दुखऱ्या बाजूच्याच हातात काठी धरण्याची चूक पुष्कळांच्या हातून होते. काठी धरण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

कृत्रिम सांध्याचे आयुष्य

आजच्या खुबारोपणाचा पाया इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी घातला. मांडीच्या हाडात धातूचा दांडा व त्यावर लहान गोळा, तर कमरेच्या हाडात प्लॅस्टिकची वाटी, अशी त्यांची रचना होती. हे भाग हाडात पक्के करण्यासाठी ते विशिष्ट सिमेंट वापरीत. प्रारंभी त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. परंतु ते काही वर्षांतच झिजले आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९६२ च्या अखेरीस त्यांनी अधिक घट्ट व टिकाऊ पॉलिएथिलीनची वाटी बसविली आणि ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने यशस्वी झाली. खुबारोपणाच्या इतिहासात फेररोपण असे आरंभापासूनच सोबत आहे.

आज कृत्रिम सांधा किती वर्षे टिकतो? अनेक देशांतील नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार शंभर खुब्यांपैकी सुमारे ८९ खुबे १५ वर्षे, ७० खुबे २० वर्षे आणि ५८ खुबे २५ वर्षे टिकतात. वृद्धापकाळी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हा सांधा बहुधा जन्मभर पुरतो. तरुणाची गोष्ट वेगळी आहे. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात, सत्तरीनंतर सांधा बसविलेल्यांपैकी शेकडा पाचांच्या आसपास लोकांना पुढील आयुष्यात फेररोपण लागण्याचा संभव दिसला. पन्नाशीच्या प्रारंभी सांधा बसविलेल्या पुरुषांत मात्र हेच प्रमाण शेकडा ३५ पर्यंत गेले.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक तीव्र आहे. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलण्याचे प्रमुख कारण म्हणजे उतारवयातील झीज. भारतात मात्र मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो भाग मृत होण्याचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि तो ऐन तिशी-चाळिशीतील पुरुषांना गाठतो. मद्यपान व स्टिरॉइड औषधे ही त्याची दोन ठळक कारणे आहेत. कोविडच्या साथीत स्टिरॉइड घेतलेल्या, चाळिशीच्या आतील तीन रुग्णांत हा विकार आढळल्याची नोंद मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. अडतिसाव्या वर्षी ज्याचा खुबा बदलला, त्याच्यापुढे पुढील तीस-चाळीस वर्षांत फेररोपणाचा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे.

दुसरी शस्त्रक्रिया अवघड का?

फेररोपण म्हणजे पहिल्याच शस्त्रक्रियेची पुनरावृत्ती, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. पहिल्या वेळी शल्यविशारदाला शाबूत हाड मिळते. दुसऱ्या वेळी जुन्या व्रणातून वाट काढावी लागते, हाडात रुतलेला दांडा किंवा सिमेंट काढावे लागते आणि त्यासाठी प्रसंगी मांडीचे हाड उभे चिरावे लागते. सैल झालेल्या सांध्याने भोवतालचे हाड खाल्लेले असते. तेथे हाडाचा कलम किंवा अधिक लांबीचा दांडा बसवावा लागतो. साहजिकच शस्त्रक्रिया लांबते, रक्तस्राव वाढतो आणि स्नायू अधिक दुबळे होतात.

जंतुसंसर्गामुळे फेररोपण करावे लागल्यास मार्ग आणखी लांबचा असतो. धातूच्या पृष्ठभागावर जंतू एक चिकट थर तयार करतात. या थराच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत औषधाची मात्रा पुरेशी पोहोचत नाही. ज्या पिंपरीत देशाने पेनिसिलिन निर्माण केले, तेथील वाचकांना प्रतिजैविकांचे सामर्थ्य सांगावयास नको. पण त्या सामर्थ्याचीही ही मर्यादा आहे. म्हणून अनेक रुग्णांत सांधा पूर्णपणे काढून तेथे प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात, काही आठवडे औषधे देतात आणि संसर्ग हटल्याची खात्री झाल्यावरच नवा सांधा बसवितात. एका फेररोपणासाठी अशा दोन शस्त्रक्रिया होतात. रोजंदारीवर किंवा कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या कुटुंबाला हा काळ कसा जड जात असेल, हे सांगण्याची गरज नाही.

वजनाचा धोका नेमका कोठे?

"वजनाने सांधा झिजतो" हे विधान अर्धेच खरे आहे. कृत्रिम सांध्याची झीज केवळ भारावर अवलंबून नसते. तो सांधा किती वेळा हलतो यावरही अवलंबून असते. सर्वसाधारण माणूस वर्षाकाठी प्रत्येक पायावर सुमारे दहा लक्ष पावले टाकतो. जड शरीराची माणसे पुष्कळदा कमी चालतात. त्यामुळे अधिक वजन आणि केवळ झिजेने सांधा सैल होणे यांचा संबंध सर्व अभ्यासांत सारखा दिसून आलेला नाही. जंतुसंसर्ग आणि सांधा निखळणे या दोन संकटांचा वजनाशी असलेला संबंध मात्र पुनःपुन्हा दिसून आला आहे. फेररोपणात हे दोन्ही धोके मुळातच अधिक असतात, आणि अतिवजनामुळे त्यांत भर पडते.

याची कारणे साधी आहेत. त्वचेखालील चरबीच्या थराला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. तो थर जितका जाड, तितकी जखम खोल आणि तितकी ती भरून येण्यास उशीर. जखमेतून पाण्यासारखा स्राव दीर्घकाळ येत राहिल्यास जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. खोल जखमेत सांध्याचे भाग अचूक कोनात बसविणे कठीण जाते. पुढे रुग्ण वाकला असता पोट व मांडी यांचा मांसल भाग एकमेकांवर दाबला जाऊन सांधा बाहेर ढकलला जाण्याची भीती असते. लठ्ठपणाबरोबर बहुधा मधुमेह, उच्च रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकारही येतो. त्यामुळे भूल देणाऱ्या डॉक्टरांचे काम अधिक जोखमीचे होते. पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही वाढतो. शस्त्रक्रियेपूर्वी द्यावयाच्या प्रतिजैविकाची मात्रादेखील वजन पाहून ठरवावी लागते.

सारांश, फेररोपणात वजनाचा पहिला परिणाम धातूवर नव्हे, तर जखमेवर होतो. हे एकदा लक्षात आले की तयारीची दिशाही स्पष्ट होते. शरीर हलके करणे हा त्या तयारीचा एक भाग आहे. जखम भरून काढण्याची शरीराची ताकद वाढविणे हा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

दोष नेहमी वजनाचाच नसतो

फेररोपण करावे लागले की दोष रुग्णाच्या माथी मारण्याकडे कुटुंबाचा आणि पुष्कळदा स्वतः रुग्णाचाही कल असतो. महाराष्ट्रातच घडलेले एक प्रकरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डिप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलाविण्यात आला. या सांध्यात अपेक्षेपेक्षा फार लवकर बिघाड होऊन फेररोपण करावे लागत होते. घर्षणाने सुटणारे कोबाल्ट व क्रोमियम या धातूंचे सूक्ष्म कण भोवतालच्या पेशींत आणि रक्तात मिसळत होते. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये या प्रकरणी मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदविली. २०१२ मध्ये या सांध्याचा आयात परवाना रद्द झाला. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१८ च्या अखेरीस बाधित रुग्णांसाठी ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत भरपाईचे सूत्र मान्य केले.

या रुग्णांवर दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ आली ती सांध्याच्या सदोष रचनेमुळे. स्वीडनमध्ये १९७९ पासून प्रत्येक खुबारोपणाची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. कोणता सांधा लवकर निकामी होतो, हे अशा नोंदींवरून वेळीच ध्यानात येते. भारतात शल्यविशारदांच्या संघटनेमार्फत होणारी नोंद ऐच्छिक आहे. म्हणून रुग्णाने स्वतःच दक्ष राहिले पाहिजे. सांध्याच्या खोक्यावरील चिठ्ठी, म्हणजे कंपनीचे नाव, प्रकार व क्रमांक, शस्त्रक्रियेच्या कागदांत चिकटवून घ्यावी आणि ते कागद शिधापत्रिकेइतकेच जपून ठेवावेत. पंधरा वर्षांनंतर फेररोपण करणाऱ्या डॉक्टरांना ही एक चिठ्ठी अत्यंत उपयोगी पडते.

मोजमाप आणि मर्यादा

वजन अधिक आहे की नाही हे नजरेने ठरवू नये. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्याला शरीर वस्तुमान निर्देशांक म्हणतात. उंची १६५ सेंटिमीटर व वजन ८२ किलो असल्यास हा निर्देशांक ३० च्या किंचित वर जातो. भारतीयांत पोटाभोवती चरबी साठण्याची व त्यातून मधुमेह जडण्याची प्रवृत्ती अधिक असल्याने, आपल्याकडील तज्ज्ञ २३ च्या पुढे अधिक वजन व २५ पासून लठ्ठपणा मानतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील शेकडा २४ स्त्रिया व सुमारे २३ पुरुष २५ किंवा त्याहून अधिक निर्देशांकाचे आढळले.

यावरून २५ च्या वरील प्रत्येकाने शस्त्रक्रिया टाळावी, असा अर्थ कोणी काढू नये. धोका हळूहळू चढत जातो व ४० च्या पुढे तो फारच ठळक होतो. वर घेतलेल्या उंचीच्या माणसाचे वजन १०९ किलो झाले म्हणजे हा टप्पा येतो. अमेरिकेतील खुबा व गुडघा शल्यविशारदांच्या संघटनेने २०१३ मध्ये, निर्देशांक ४० च्या वर असल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा विचार करावा असे सुचविले होते. पुढे २०२३ मध्ये तेथील संधिवात तज्ज्ञांबरोबर मिळून पहिल्या सांधेरोपणासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे ठरली, त्यांत भूमिका बदललेली दिसते. केवळ वजनाचा ठरावीक आकडा गाठण्यासाठी रुग्णाला अडवून ठेवू नये. मात्र मधुमेह आटोक्यात नसल्यास किंवा तंबाखू-धूम्रपान चालू असल्यास आधी ते सुधारावे, असे त्यांत म्हटले आहे. काट्यावरील आकड्याला आपले महत्त्व आहे, पण त्याच्याइतकेच रक्तातील साखर, हिमोग्लोबिन व तंबाखूचे व्यसन यांच्याकडेही लक्ष दिले पाहिजे, हाच या बदलाचा बोध होय.

दुसऱ्या टोकाचा धोकाही विसरता कामा नये. निर्देशांक १८.५ च्या खाली असलेल्या कृश रुग्णालाही जखम न भरणे, संसर्ग व हाड मोडणे यांचा धोका अधिक असतो. एखादा माणूस स्थूल दिसत असूनही त्याच्या शरीरात प्रथिनांची कमतरता असू शकते. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन ३.५ ग्रॅमच्या खाली असल्यास जखमेच्या तक्रारी वाढतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी महिनाभर केवळ काकडी, लिंबूपाणी व उपवास यांवर राहून वजन उतरविणे म्हणजे एक धोका घालविताना दुसरा पदरात घेणे होय.

पाळ्या, चहा आणि ताट

आठवड्याला सुमारे अर्धा किलो, हा वजन उतरविण्याचा सुरक्षित वेग आहे. या वेगाने दोन महिन्यांत ४ किलो, म्हणजे ८२ किलोंच्या माणसाचे सुमारे पाच टक्के वजन कमी होते. हे उद्दिष्ट साध्य होण्याजोगे आहे. मात्र पाळ्यांत काम करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. रात्रपाळीत झोप मोडते, जेवणाच्या वेळा उलटसुलट होतात आणि जागरण निभावण्यासाठी चहा, बिस्किटे, वडापाव यांचा आधार घेतला जातो. खुबा दुखू लागला की चालणे थांबते, चालणे थांबले की वजन वाढते आणि वजन वाढले की खुबा अधिक दुखतो.

हे चक्र तोडण्याचा प्रारंभ चहाच्या पेल्यापासून करता येईल. पाळीत सहा वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेतल्यास दिवसाला १२ चमचे, म्हणजे अंदाजे ६० ग्रॅम साखर पोटात जाते. तिच्यापासून सुमारे २४० कॅलरी मिळतात. महिन्याच्या त्या ७,२०० होतात. एक किलो चरबीत साधारणपणे ७,७०० कॅलरी साठविलेल्या असतात. चहा न सोडता केवळ साखर सोडल्यास महिन्याला एक किलोच्या आसपास वजन कमी होण्याची शक्यता निर्माण होते. अर्थात हा कागदावरील हिशेब झाला. शरीर त्याला तंतोतंत जुळत नाही, पण दिशा तीच राहते.

जखम भरून येण्यासाठी प्रथिने लागतात. ती महागड्या डब्यांतूनच मिळतात असे नाही. मटकी, हरभरा व चवळीची उसळ, पिठले, डाळ, दही, ताक, अंडी, मासे, शेंगदाणे व सोयाबीन हे पदार्थ आपल्या बाजारात सहज उपलब्ध आहेत. ताटात एक भाकरी कमी करून एक वाटी उसळ वाढवावी, भात निम्मा करून पालेभाजी दुप्पट घ्यावी, तळलेले पदार्थ आठवड्यातून एखाद्या दिवसापुरते ठेवावेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कारखान्याच्या कँटीनमध्ये साखरेविना चहा व उसळ रोज उपलब्ध झाली, तर एका रुग्णाबरोबर शेकडो निरोगी कामगारांचेही हित साधेल.

चालणे शक्य नसले तरी हालचाल शक्य असते. खुर्चीत बसून हातांचे व्यायाम, पलंगावर झोपून मांडीचे स्नायू आवळणे, छातीइतक्या पाण्यात चालणे हे प्रकार भौतिकोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने करता येतात. पाण्यात शरीराचा भार पुष्कळ कमी होत असल्याने सांध्याला फारसा ताण पडत नाही. मात्र सांधा सैल झालेला किंवा हाड तडकलेले असेल, तर कोणताही व्यायाम स्वतःच्या मनाने करू नये.

सांधेदुखीवर मिळणाऱ्या नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून विशेष सावध राहावे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे दुखणे तात्पुरते थांबते, पण वजन व साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि दुसरा खुबाही धोक्यात येतो. वजन उतरविणारी नवी इंजेक्शनेही २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. त्यांच्या परिणामाने जठर सावकाश रिकामे होते व भुलेच्या वेळी अन्न श्वासमार्गात जाण्याचा संभव असतो, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्याची आगाऊ कल्पना अवश्य द्यावी.

जेव्हा थांबून चालत नाही

वजन कमी करण्यासाठी वेळ काढणे प्रत्येक प्रसंगी शक्य नसते. कृत्रिम सांध्याभोवतालचे हाड मोडले, सांधा निखळला, जखमेतून पू येऊ लागला, थंडी-तापाबरोबर खुबा ठणकू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. अशा वेळी "वजन उतरल्यावर पाहू" असे म्हणणे घातक ठरते. सांधा हळूहळू सैल होत असेल तरीही नियमित क्ष-किरण तपासणी हवी. रुग्ण वजनाशी झगडत असताना आत हाड झिजत राहिले, तर वाचविलेला वेळ महाग पडतो. किती थांबावयाचे याचा निर्णय हाडाची अवस्था पाहून शल्यविशारदानेच घ्यावयाचा असतो. रुग्णाने मात्र दर भेटीत "थांबल्याने हाडाचे नुकसान होत आहे का?" हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

फेररोपणानंतरही दक्षता संपत नाही. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीच्या शौचकूपाचा वापर, खाली वाकून जड पेटी उचलणे यांमुळे सांधा निखळू शकतो. यांपैकी काय व किती काळ वर्ज्य करावे हे डॉक्टरांकडून स्पष्टपणे लिहून घ्यावे. दुखणे थांबले म्हणजे वजन आपोआप उतरेल ही अपेक्षाही फोल आहे. बहुसंख्य रुग्णांचे वजन सांधेरोपणानंतर आहे तेवढेच राहते. ताट बदलले तरच काटा बदलतो.

उपलब्ध सोयी

या पट्ट्यातील विमाधारक कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरात राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. या योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. पात्र कामगाराला आजारपणाच्या काळात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने लाभ मिळण्याची तरतूद या योजनेत आहे. पिंपरीच्या संत तुकारामनगरात महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होऊ शकते, याची माहिती संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्र देतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच ही चौकशी केलेली बरी, कारण फेररोपणाचा सांधा, त्याचे जोडभाग व औषधे यांचा खर्च पहिल्या वेळेपेक्षा अधिक असतो.

रुग्ण कामावर परतल्यावर कारखान्याचीही जबाबदारी असते. बसून करण्याचे काम, उंच आसन, वर उचलण्याचे ओझे कमी असलेली जागा आणि काही महिने रात्रपाळीतून सूट, एवढ्या सोयी मिळाल्या तरी अनुभवी कामगाराचे कौशल्य वाया जात नाही आणि नव्या सांध्याचेही रक्षण होते.

फेररोपणातील धोक्यांची यादी मोठी आहे. रुग्णाचे वय, झिजलेले हाड, जुने व्रण आणि पहिल्या सांध्याची रचना यांवर कोणाचाही अधिकार चालत नाही. वजन, साखर, तंबाखू व आहार या चार गोष्टी मात्र रुग्णाच्या, त्याच्या कुटुंबाच्या आणि काही अंशी त्याच्या कारखान्याच्या हातात आहेत. वजन जास्त असणे हा अपराध नव्हे आणि त्यासाठी कोणालाही उपचारांपासून दूर ठेवणे योग्य नव्हे. शस्त्रक्रियेला दोन-तीन महिन्यांचा अवधी असेल, तर तो निव्वळ प्रतीक्षेत न घालविता तयारीत घालवावा. त्या काळात कमी झालेले चार किलो आणि आटोक्यात आलेली साखर यांचा उपयोग जखम भरून येताना होईल आणि पुढे चालताना प्रत्येक पावलाला होत राहील.